त्वचेचा कर्करोग : तज्ज्ञ उपचार आणि संशोधन, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आईच्या डाव्या तळपायावर, टाचेच्या जरा पुढे, उडदाच्या दाण्याएवढा काळा डाग होता. कुरूप असेल असं सगळेच म्हणाले. शेजारच्या काकूंनी बिब्बा घालायला सांगितला, तो घातला. मेडिकलमधून कॉर्न कॅप आणून लावल्या. एका दवाखान्यात तो डाग वरवर खरवडून काढला आणि काढलेला तुकडा तपासायला न पाठवता कचऱ्यात टाकला. आठ महिन्यांनी तिच्या चपलेवर ओलसर डाग उमटायला लागला, तेव्हा आम्ही जागे झालो. बायोप्सीत, म्हणजे तुकडा काढून केलेल्या तपासणीत, मेलॅनोमा हा त्वचेचा कॅन्सर निघाला.

त्या दिवसापासून मी तिची फाईल हातात घेऊन ओपीडीच्या बाकांवर पुष्कळ तास काढले. आता गावाकडून, नातेवाइकांकडून, त्यांच्या ओळखीच्यांकडून फोन येतात आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवतेय. मी डॉक्टर नाही. तुमच्या पेशंटचा निर्णय त्याची फाईल पाहणारा डॉक्टरच घेईल. पण त्या डॉक्टरसमोर बसल्यावर काय विचारायचं, हे मात्र मला नीट सांगता येईल.

आपली कातडी सावळी. आपल्याला त्वचेचा कॅन्सर होतो का?

होतो. गोऱ्या लोकांपेक्षा कितीतरी कमी होतो, कारण कातडीला काळेपणा देणारं मेलॅनिन हे रंगद्रव्य उन्हातल्या अतिनील किरणांपासून बरंच संरक्षण देतं. गोंधळ नेमका इथेच होतो. इंग्रजी माहितीपत्रकांत उन्हाचा, सनस्क्रीनचा, गोऱ्या पाठीवरच्या तिळांचा विषय असतो. तो वाचून आपण म्हणतो, हे आपलं दुखणं नाही.

आपल्याकडे हा आजार वेगळ्या जागा धरतो. तळपाय, तळहात, नखाखालची कातडी, भाजल्याचे जुने व्रण, वर्षानुवर्षं न भरलेल्या जखमा. या जागांचा उन्हाशी फारसा संबंधच नाही. बॉब मार्ली या जमैकन गायकाच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली १९७७ मध्ये मेलॅनोमा सापडला आणि १९८१ मध्ये, वयाच्या ३६ व्या वर्षी, तो त्यानेच गेला. नखाला फुटबॉल खेळताना मार लागलाय असंच सुरुवातीला वाटलं होतं.

मुख्य प्रकार तीन. बेसल सेल हा सर्वांत संथ. तो बहुधा चेहऱ्यावर, नाकाच्या किंवा डोळ्याच्या आसपास होतो. क्वचितच दुसरीकडे पसरतो, पण दुर्लक्ष केलं तर नाक-डोळा पोखरत जातो. आपल्या कातडीवर तो पुष्कळदा काळपट दिसतो, म्हणून तीळ समजून सोडून दिला जातो. स्क्वॅमस सेल भारतात जास्त आढळतो. व्रणांतून आणि जखमांतून उगवतो तो हाच, आणि तो काखेतल्या किंवा जांघेतल्या गाठींपर्यंत, म्हणजे अंगातला लसिका नावाचा द्रव गाळणाऱ्या ग्रंथींपर्यंत, जाऊ शकतो. तिसरा मेलॅनोमा. संख्येने थोडा, पण सर्वांत वेगाने पसरणारा. तळपायावरच्या आणि नखाखालच्या मेलॅनोमाला ‘ॲक्रल’ म्हणतात.

साडीने कॅन्सर होतो असं व्हॉट्सॲपवर आलं होतं. खरं आहे का?

साडीने होत नाही. एकाच जागी वर्षानुवर्षं घट्ट आवळलेल्या नाडीखाली जी जखम होते आणि भरत नाही, त्या जखमेत होऊ शकतो. या फरकाला फार महत्त्व आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ही गोष्ट नवी नाही, आणि तिचं मूळ मुंबईतच आहे. परळचं टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झालं. तिथले पॅथॉलॉजिस्ट डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी सूर्याबाई या सहकाऱ्यांसोबत १९४५ मध्ये भारतीय चालीरीतींशी जोडलेल्या कर्करोगांवर शोधनिबंध लिहिला. कमरेला धोतर घट्ट बांधून त्याच पट्ट्यात होणारा ‘धोती कॅन्सर’ त्यात होता. काश्मीरमध्ये थंडीत पोटाशी निखाऱ्यांची कांगडी धरून बसतात, त्या शेकाने पोटावर, मांडीवर होणारा कांगडी कॅन्सर त्याच्याही आधीपासून वैद्यकशास्त्राला माहीत होता. माणूस कसा राहतो, काय नेसतो, कशाजवळ बसतो, हे न विचारता नुसता सूक्ष्मदर्शकात पाहणारा डॉक्टर यांतलं काहीच ओळखू शकला नसता. खानोलकरांविषयी मला आदर वाटतो तो यासाठी.

२०२४ मध्ये वर्धा आणि बिहारमधल्या डॉक्टरांनी अशाच दोन स्त्रियांच्या केसेस ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात मांडल्या. त्यांपैकी एक बाई चाळीस वर्षं रोज लुगडं नेसत होत्या, आतून परकर न घालता, कमरेला घट्ट आवळून. त्यांची कमरेवरची जखम दोन वर्षं भरत नव्हती.

तेव्हा आई-आजीला साडी सोडायला सांगू नका. नाडी रुंद घ्या, जरा सैल बांधा, रोज एकाच रेषेवर बांधू नका. कमरेवर काळा, खरखरीत पट्टा असणं आपल्या बायकांत अगदी सर्रास आहे. तो कॅन्सर नव्हे. त्या पट्ट्यात चीर पडली, तिला खपली धरते आणि निघते, लस येते, आणि महिना उलटला तरी ती भरत नाही, असं असेल तर मात्र डॉक्टरांना दाखवा. बायका कमरेवरची जखम कोणाला दाखवत नाहीत. घरातल्या लेकीसुनांनी आपणहून विचारायला हवं.

वीस वर्षांपूर्वी भाजल्याचा व्रण आहे. आता तिथे जखम झालीय. घाबरायचं का?

आधी दाखवायचं. भाजल्याच्या जुन्या व्रणात होणाऱ्या कॅन्सरला ‘मार्जोलिन अल्सर’ म्हणतात. असे व्रण १८२८ मध्ये वर्णन करणाऱ्या फ्रेंच सर्जनचं हे नाव. भाजल्यापासून कॅन्सर होईपर्यंत बहुधा दोन-तीन दशकं जातात, त्यामुळे मधल्या काळात कोणालाच दोन्हींचा संबंध लागत नाही. स्टोव्हच्या भडक्यात भाजलेल्या आपल्याकडच्या कितीतरी बायका आज पन्नाशी-साठीत आहेत. कुष्ठरोगाने बधिर झालेल्या तळव्यांवरचे जुने व्रण, हाडातून पू येणारी जुनी भोकं, यांतही हेच होऊ शकतं.

जुनी जखम अचानक वाढू लागली, कडा जाड आणि वर उचलल्यासारख्या झाल्या, फुलकोबीसारखं मांस वर आलं, वास यायला लागला, ड्रेसिंग सोडताना रक्त येऊ लागलं, तर बायोप्सी झाली पाहिजे. तीही एका ठिकाणाहून नको. जखमेच्या कडांवरून दोन-चार जागी तुकडे घ्यायला हवेत, कारण एका कोपऱ्यात कॅन्सर असून दुसऱ्या कोपऱ्याचा रिपोर्ट ‘नुसती सूज’ असा येऊ शकतो. एक रिपोर्ट चांगला आला आणि जखम तरी वाढतेच आहे, असं असेल तर पुन्हा बायोप्सी मागा.

कुरूप, चामखीळ, तीळ आणि मेलॅनोमा यांत फरक कसा ओळखायचा?

खात्रीने ओळखणं घरी शक्य नाही, आणि कधीकधी दवाखान्यातही नुसत्या डोळ्यांनी शक्य नसतं. त्वचारोगतज्ज्ञ डर्मोस्कोप नावाच्या प्रकाश असलेल्या भिंगातून पाहतात. तळपायावर बारीक रेघा असतात, बोटांच्या ठशांसारख्या. साध्या तिळाचा रंग बहुधा रेघांमधल्या खाचांत असतो. मेलॅनोमाचा रंग उंचवट्यांवर चढलेला दिसतो. दोन मिनिटांची ही तपासणी आईच्या वेळी कोणीतरी केली असती तर, असं मला अजून वाटतं.

घरी पाहायचं ते एवढंच. डाग एकसारखा नाही, कडा वेड्यावाकड्या आहेत, एकाच डागात काळा, तपकिरी, निळसर असे रंग आहेत, आकार वाढतोय. तळपायावर याखेरीज आणखी काही बघा : रक्त येतं का, जखम दोन महिने भरत नाही का, आणि ‘हे नक्की काय आहे’ याचं उत्तर कोणीच ठामपणे देत नाही का. शेवटची गोष्टही लक्षणच धरा. कुरूप दाबलं की दुखतं. मेलॅनोमा सुरुवातीला बहुधा दुखत नाही, आणि दुखत नाही म्हणून माणूस निवांत राहतो. सगळे मेलॅनोमा काळे नसतात, हेही ध्यानात ठेवा. काही गुलाबी-लाल असतात, मांस वाढल्यासारखे.

नखावर उभी काळी रेघ आपल्याकडे पुष्कळांना असते, दोन-चार नखांवर असली तर बहुधा निरुपद्रवी. एकाच नखावर नव्याने आलेली, रुंद होत जाणारी, आणि जिचा काळेपणा नखाच्या मुळाशी असलेल्या कातडीवर उतरलाय अशी रेघ लगेच दाखवा. मार लागून साकळलेलं रक्त नख वाढेल तसं पुढे सरकत जातं. मेलॅनोमाची रेघ मुळापासून हटत नाही.

बायोप्सी केली, सुई लावली की कॅन्सर पसरतो म्हणतात.

बायोप्सीने मेलॅनोमा पसरत नाही. अर्धवट उपचाराने तो आत वाढत राहतो. बिब्बा, चुना, ॲसिड, लेझर, जाळणं यांनी वरचा भाग नाहीसा होतो आणि खालचा तसाच राहतो. वर आणखी एक नुकसान : गाठीची मूळ जाडी किती होती हे मग कधीच कळत नाही, आणि पुढचे सगळे निर्णय त्या जाडीवर ठरतात. आईच्या फाईलमध्ये त्या रकान्यात ‘मोजता येत नाही’ असं लिहिलंय. कचऱ्यात गेलेल्या तुकड्याची ती किंमत.

डाग लहान असेल तर तो संपूर्ण, भोवतालच्या एक-दोन मिलिमीटर कातडीसकट काढून तपासतात. मोठा असेल किंवा तळपायावर अवघड जागी असेल तर सर्वांत जाड भागातून तुकडा घेतात. कातडीवरून काढलेला कोणताही तुकडा, कितीही क्षुल्लक वाटला तरी, पॅथॉलॉजीला गेलाच पाहिजे. डॉक्टरांना तसं तोंडावर सांगायला लाजू नका.

रिपोर्ट हातात आलाय. त्यात नेमकं काय बघायचं?

मेलॅनोमा असेल तर आधी ‘ब्रेस्लो जाडी’ शोधा. अलेक्झांडर ब्रेस्लो या अमेरिकन पॅथॉलॉजिस्टने १९७० मध्ये दाखवून दिलं की गाठ कातडीत किती मिलिमीटर खोल गेलीय यावरून रोगाचा अंदाज बांधता येतो. १ मिलिमीटरच्या आत, १ ते २, २ ते ४ आणि ४ च्या वर, असे जाडीचे चार गट आहेत. त्यापुढे ‘अल्सरेशन’, म्हणजे वरची कातडी फुटलीय का, आणि ‘मार्जिन’, म्हणजे काढलेल्या तुकड्याच्या कडांपर्यंत रोग पोहोचलाय का, हे पाहा. यातलं काहीच लिहिलेलं नसेल तर रिपोर्ट अपुरा आहे.

मोठ्या रुग्णालयात गेल्यावर ते तुमच्या स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक मागतात आणि स्वतः पुन्हा तपासतात. ब्लॉक म्हणजे तुमच्या तुकड्याचा मेणात बसवलेला भाग, काड्यापेटीहून लहान प्लॅस्टिकच्या जाळीत. लॅबकडे लेखी मागून घ्या. मी आईचे ब्लॉक रुमालात गुंडाळून डब्यात घालून नेले होते, उन्हात राहू नयेत म्हणून. मेण वितळतं.

जिल्ह्याच्या गावी चांगला सर्जन आहे. तरी मुंबईला जावंच लागतं का?

प्रत्येकाला नाही. चेहऱ्यावरचा लहान बेसल सेल अनुभवी सर्जन कुठेही उत्तम काढतो. मेलॅनोमा, ग्रंथींपर्यंत गेलेला स्क्वॅमस सेल, डोळ्याच्या-नाकाच्या कडेचा कोणताही कॅन्सर, आणि एकदा काढून पुन्हा उगवलेला, यांसाठी मात्र कॅन्सरच्या केंद्रातच जा, आणि पहिल्या ऑपरेशनच्या आधी जा. पहिलं ऑपरेशन अर्धवट झालं की दुसरं दुपटीने मोठं होतं.

अशा केंद्रात एकटा डॉक्टर ठरवत नाही. कॅन्सर सर्जन, प्लास्टिक सर्जन, औषधांचे तज्ज्ञ, रेडिएशनचे तज्ज्ञ आणि पॅथॉलॉजिस्ट एकत्र बसून केस पाहतात. मेलॅनोमासारख्या विरळ आजारात याने खरोखर फरक पडतो, कारण वर्षाला दोन पेशंट पाहणारा आणि वर्षभर तेच पाहणारा यांच्या नजरेत अंतर असणारच.

परळचं टाटा आणि नवी मुंबईत खारघरचं ॲक्ट्रेक हे टाटाचंच केंद्र, ही नावं सर्वांना माहीत आहेत. पण विदर्भातून कोणी फोन केला तर मी आधी नागपूरचं राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर रुग्णालय सुचवते. मराठवाड्यासाठी छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय आहे, सोलापूरकडे बार्शीचं नर्गिस दत्त रुग्णालय, गोव्यात बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज. २०१२ मध्ये सुरू झालेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडमध्ये देशभरातली ३०० हून अधिक केंद्रं जोडलेली आहेत, आणि उपचारांची पद्धत सारखी असावी हाच त्यामागचा हेतू आहे. निदान आणि योजना मोठ्या केंद्रात करून घेऊन पुढची औषधं घराजवळ घेणं पुष्कळांना जमतं. विचारा, डॉक्टर स्वतःहून सांगतीलच असं नाही.

ऑपरेशनमध्ये पाय कापतात का?

आईनेही पहिला हाच प्रश्न विचारला होता. बहुतेकांचा कापत नाहीत. डागाभोवती ठरावीक अंतराची निरोगी कातडी घेऊन तो भाग काढतात. मेलॅनोमात जाडी १ मिलिमीटरपर्यंत असेल तर भोवताली १ सेंटिमीटर, २ मिलिमीटरहून जास्त असेल तर २ सेंटिमीटर, मधल्यांसाठी एक ते दोन. ऐकायला लहान वाटतं, पण तळपायावर चहूबाजूंनी दोन सेंटिमीटर म्हणजे चांगलाच मोठा खड्डा होतो. नखाखालचा असेल तर कधीकधी बोटाचा पुढचा पेरा जातो.

खड्डा भरण्यासाठी मांडीवरून पातळ कातडी घेऊन लावतात किंवा तळव्याच्या मधल्या, जमिनीला न टेकणाऱ्या कमानीतली जाड कातडी रक्तवाहिनीसकट सरकवून टाचेवर आणतात. टाचेला दुसरा उपाय जास्त टिकतो, कारण अंगाचा सगळा भार तिच्यावर. मांडीची कातडी घेतलेली जागा तळपायापेक्षा जास्त झोंबते, हे आम्हाला आधी कोणी सांगितलं नव्हतं. तुम्हाला सांगून ठेवते.

जांघेतली ‘पहिली गाठ’ काढायची म्हणाले. ते कशासाठी?

पायातल्या गाठीच्या पेशी निसटल्या तर लसिकेच्या वाहिन्यांतून आधी जांघेतल्या एखाद्या ठरावीक ग्रंथीत थांबतात. तिला सेंटिनल नोड म्हणतात, म्हणजे पहारेकरी. डागाजवळ किंचित किरणोत्सर्गी औषध आणि निळा रंग टोचतात, तो जिथे पोहोचतो ती ग्रंथी शोधून काढतात आणि तपासतात. डोनाल्ड मॉर्टन या अमेरिकन सर्जनने ही पद्धत १९९२ मध्ये मेलॅनोमासाठी मांडली.

पूर्वी त्या ग्रंथीत थोडा जरी रोग सापडला तरी जांघेतल्या सगळ्या ग्रंथी काढत आणि पाय जन्मभर सुजत असे. २०१७ मध्ये मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासातून कळलं की अशा पेशंटच्या सगळ्या ग्रंथी काढल्याने आयुष्य वाढत नाही, सोनोग्राफी करत नजर ठेवली तरी चालतं. संशोधनाने नवं औषधच दिलं पाहिजे असं नाही. एक मोठं ऑपरेशन टाळलं, हेही तितकंच मोलाचं.

ऑपरेशननंतर लघवी हिरवी-निळी होते. आई संडासातून ओरडत बाहेर आली होती. तो रंग एक-दोन दिवसांत जातो.

मोह्‌ज सर्जरी म्हणजे काय?

थरथराने कापत, प्रत्येक थर तिथल्या तिथे सूक्ष्मदर्शकाखाली तपासत, रोग संपेपर्यंतच पुढे जाणारं ऑपरेशन. अमेरिकेतल्या फ्रेडरिक मोह्‌ज यांनी १९३० च्या दशकात सुरू केलं. नाक, पापणी, कान, ओठ अशा जागी कातडी वाचवायची असते तिथे उत्तम, मुख्यतः बेसल आणि स्क्वॅमस सेलसाठी. भारतात मोजक्याच ठिकाणी होतं.

केमोथेरपी लागेल का? केस जातील का?

पसरलेल्या मेलॅनोमात केमोचा उपयोग फार थोडा होतो. २०११ पर्यंत आजार चौथ्या टप्प्यात, म्हणजे दूरच्या अवयवांत, गेला तर बहुतेक पेशंट वर्षभरही काढत नसत. त्या वर्षी इपिलिमुमॅब हे नव्या पद्धतीच्या इम्युनोथेरपीचं, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला मोकळं सोडणारं, पहिलं औषध अमेरिकेत मंजूर झालं, २०१४ मध्ये पेम्ब्रोलिझुमॅब आणि निव्होलुमॅब आली.

आपल्या रक्तातल्या लढाऊ टी पेशींना ब्रेक असतात, त्या आपल्याच अंगावर उलटू नयेत म्हणून. कॅन्सर हे ब्रेक दाबून धरतो. ही औषधं तो पाय ब्रेकवरून काढतात. ब्रेकचा शोध घेणारे जेम्स ॲलिसन आणि तासुकू होंजो यांना २०१८ चं नोबेल मिळालं. इपिलिमुमॅब आणि निव्होलुमॅब एकत्र घेतलेल्या पसरलेल्या मेलॅनोमाच्या पेशंटपैकी १० वर्षांनी ४३ टक्के जिवंत होते, हे २०२४ मध्ये प्रसिद्ध झालं.

हा आकडा आशा देतो, पण मला तुम्हाला फसवायचं नाही. त्या अभ्यासातले पेशंट बहुतांश गोऱ्या कातडीचे होते. उन्हाने झालेल्या मेलॅनोमात जनुकीय बिघाड भरपूर असतात, म्हणून शरीराच्या टी पेशींना तो परका म्हणून लवकर ओळखू येतो. तळपायावरच्या ॲक्रल प्रकारात असे बिघाड कमी असतात आणि औषधाला प्रतिसादही कमी मिळतो. आपल्या डॉक्टरांना हे थेट विचारा : माझ्या प्रकारात किती उपयोग होईल? स्क्वॅमस सेलसाठी सेमिप्लिमॅब २०१८ मध्ये मंजूर झालं, आणि उन्हाने झालेल्या स्क्वॅमसमध्ये प्रतिसाद बऱ्यापैकी मिळतो.

केसांचं म्हणाल तर या औषधांनी ते सहसा जात नाहीत.

जीन टेस्ट सांगितलीय. करायलाच हवी का?

आजार पसरलेला असेल किंवा काखेतल्या-जांघेतल्या ग्रंथींत गेला असेल तर करा. ‘बीरॅफ’ या जनुकात बिघाड असेल तर डॅब्राफेनिब आणि ट्रामेटिनिब अशा गोळ्या लागू पडतात आणि लवकर आराम देतात. ॲक्रल प्रकारात हा बिघाड कमी जणांत असतो, ‘किट’ जनुकातला बिघाड त्या मानाने जास्त, आणि त्यावर इमॅटिनिब काही जणांना लागू पडतं. म्हणून फक्त बीरॅफ तपासून थांबू नका, किटही तपासायला सांगा.

इम्युनोथेरपीला काही त्रास नसतो ना?

असतो, फक्त वेगळा. ब्रेक सुटलेल्या पेशी आतड्यांवर, फुप्फुसांवर, यकृतावर, थायरॉइडवर चाल करू शकतात. दिवसातून चार-पाच वेळा जुलाब, कोरडा खोकला आणि धाप, डोळे पिवळे, अंगभर पुरळ, विलक्षण थकवा, यांतलं काहीही झालं तर त्याच दिवशी उपचार करणाऱ्या टीमला फोन करा. घरची जुलाबाची गोळी घेऊन दोन दिवस वाट पाहणं धोक्याचं. शेवटच्या डोसनंतर काही महिन्यांनीही हे होऊ शकतं. गावच्या डॉक्टरकडे कशासाठीही गेलात तरी ‘इम्युनोथेरपी चालू आहे’ हे पहिलं वाक्य असू द्या.

एवढा पैसा कुठून आणायचा?

ऑपरेशन आणि रेडिएशनचा खर्च योजनेत बसवता येतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत मिळून वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. रेशन कार्ड आणि आधार घेऊन रुग्णालयात योजनेचं काम पाहणाऱ्या आरोग्यमित्राला भेटा, आणि भरती होण्याच्या आधी भेटा. मागाहून बिल योजनेत घालता येत नाही.

इम्युनोथेरपीचं कोडं अवघड आहे. खर्च लाखांच्या घरात जातो. औषध योजनेत बसतं का ते आरोग्यमित्राला विचारा, कंपन्यांच्या रुग्ण सहाय्य योजना असतात त्या समाजसेवा विभागाकडून कळतात, मुख्यमंत्री सहाय्यता निधीचा अर्ज वेगळा. जमीन गहाण टाकण्याआधी डॉक्टरांसमोर बसून विचारा : हे औषध घेतलं नाही तर काय, घेतलं तर किती फायदा, किती डोसनंतर कळेल? हा प्रश्न विचारणारा मुलगा किंवा मुलगी कंजूष नसते. आम्ही विचारला होता.

टाटामधल्या डॉक्टरांनी २०२२ मध्ये डोक्या-मानेच्या कॅन्सरवर एक अभ्यास प्रसिद्ध केला. निव्होलुमॅबचा फक्त २० मिलिग्रॅमचा डोस, नेहमीच्या डोसच्या दहाव्या भागाहूनही कमी, तोंडाने घ्यायच्या स्वस्त औषधांना जोडला, आणि वर्षभर जगणाऱ्यांचं प्रमाण १६ वरून ४३ टक्क्यांवर गेलं. हा अभ्यास त्वचेच्या कॅन्सरवर नव्हता, तेव्हा तो डोस आपणहून मागू नका. पण आपल्या खिशाला परवडेल असं संशोधन आपल्याच डॉक्टरांना करावं लागेल, हे त्यातून दिसतं.

क्लिनिकल ट्रायलमध्ये घेतो म्हणाले. पेशंटवर प्रयोग करणार का?

‘प्रयोग’ शब्दाने पोटात गोळा येतो, मला माहीत आहे. आज ज्या औषधांनी माणसं जगतायत ती सगळी ट्रायलमधूनच आली. भारतात ट्रायलची नोंद सरकारी नोंदवहीत, सीटीआरआयमध्ये, करावी लागते, आणि ती कोणालाही पाहता येते. नैतिकता समितीची परवानगी लागते. २०१९ च्या नियमांप्रमाणे ट्रायलमुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाई देणं बंधनकारक आहे.

संमतीपत्र मराठीत मागा. घरी नेऊन वाचा, घाईने सही करू नका. दोन गटांत चिठ्ठी टाकल्यासारखी विभागणी होते का, दुसऱ्या गटाला काय मिळतं, औषध-तपासण्या-प्रवास यांतलं मोफत काय, ट्रायल संपल्यावर औषध चालू राहतं का, हे विचारा. कधीही बाहेर पडता येतं, आणि बाहेर पडलात म्हणून नेहमीचे उपचार थांबत नाहीत.

सध्या नवीन काय चाललंय?

तीन गोष्टींवर माझी नजर असते. पहिली, ऑपरेशनच्या आधी इम्युनोथेरपी. काखेतल्या-जांघेतल्या ग्रंथींत पोहोचलेल्या मेलॅनोमात आधी दोन डोस देऊन मग ऑपरेशन केलं तर वर्षभरात रोग न उलटलेल्यांचं प्रमाण ५७ वरून जवळपास ८४ टक्क्यांवर गेलं, असं २०२४ च्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं. गाठ अंगात असतानाच पेशींना शत्रू ओळखायला शिकवायचं, असा त्यामागचा विचार. दुसरी, गाठीतल्याच टी पेशी काढून प्रयोगशाळेत कोट्यवधींनी वाढवून परत देणं. लिफिल्युसेल नावाने हे फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. तिसरी, प्रत्येक पेशंटच्या गाठीवरून बेतलेली एमआरएनए लस, जिच्या सुरुवातीच्या निकालांनी उमेद दिलीय.

ॲक्रल प्रकारावर मात्र जगभरातच काम कमी झालंय, आणि हे मला टोचतं. तो प्रामुख्याने आशिया, आफ्रिका, लॅटिन अमेरिकेतल्या माणसांत उठून दिसतो. म्हणून आपल्या पेशंटनी गाठीचा नमुना संशोधनाला द्यायला संमती द्यावी असं मी मनापासून सांगते. आईने दिली.

आयुर्वेद, पथ्य, गोमूत्र?

अंगावर उठलेली गाठ लेपाने बसवायला जाऊ नका. बाकी काही घ्यायचं असेल तर कॅन्सरच्या डॉक्टरांना सांगून घ्या, विशेषतः काढे आणि भस्मं, कारण यकृताचे रिपोर्ट बिघडले की औषध थांबतं. पथ्य म्हणून अंडी-डाळी बंद करू नका, जखम भरायला प्रथिनं लागतात.

हा घराण्यात येतो का?

ॲक्रल मेलॅनोमा सहसा नाही. जन्मतः रंगहीन कातडीच्या मुलांना मात्र उन्हाचा फार धोका असतो. त्यांना लहानपणापासून रुंद काठाची टोपी, पूर्ण बाह्या आणि दर काही महिन्यांनी तपासणी हवी. कोडाच्या पांढऱ्या डागांचा आणि या कॅन्सरचा संबंध लावू नका.

आम्ही सिडनीला असतो. इथे सगळे घाबरवतात.

ऑस्ट्रेलियात मेलॅनोमा जगात सर्वाधिक, तेव्हा तिथली दक्षता रास्तच आहे. उन्हाची काळजी घ्या. फक्त तिथल्या डॉक्टरांनी पाठ-खांदे तपासले की मोजे काढून तळवेही दाखवा.

मुंबईत राहायचं कुठे?

दादरला गाडगे महाराजांच्या मिशनची धर्मशाळा आहे, परळला नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन. जागेसाठी रुग्णालयाच्या समाजसेवा विभागाचं पत्र घेऊन जा, गर्दी असते. उपचारासाठी जाणाऱ्या कॅन्सर पेशंटला आणि सोबतच्या एकाला रेल्वेत मोठी सवलत मिळते, रुग्णालयाच्या छापील फॉर्मवर. एसटीतही सवलत आहे.

उपचार संपले. आता किती दिवस तपासण्या?

पहिली दोन वर्षं साधारण दर तीन महिन्यांनी, मग सहा महिन्यांनी, पुढे वर्षातून एकदा. नेमकं तुमचा डॉक्टर ठरवेल. मधल्या काळात पेशंटने स्वतः बोटांच्या पेरांनी जांघ आणि काख चाचपायची, जुन्या व्रणाभोवती नवे काळे ठिपके आलेत का ते पाहायचं.

वयस्कर माणसाला स्वतःचा तळपाय दिसत नाही. आमच्याकडे दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, अंघोळीनंतर, आई खाटेवर बसते आणि माझी लेक तिच्या पायाखाली दाढीचा आरसा धरते. दोन्ही तळवे, बोटांच्या बेचक्या, दहा नखं. लेक मोबाईलवर फोटो काढून मागच्या महिन्याच्या फोटोशी ताडून पाहते. मग आई पाय ओढून घेते आणि म्हणते, “बास आता, गुदगुल्या होतात.”